गुंडेटीसाहेबांचा सावलीचा पाठ

गुंडेटीसाहेबांबद्दल आमच्या भागातल्या कुठल्याही जुन्या मास्तराला विचारा, तो तोंड भरून बोलेल. असा अधिकारी पुन्हा झाला नाही, म्हणेल. त्यांचा साधेपणा सांगेल, त्यांची पायपीट सांगेल. मग बोलता बोलता सावलीच्या पाठाचा विषय निघेल आणि तिथं मात्र तो जरा चुळबुळेल, चहाचं काय झालं म्हणून आत हाक मारेल, किंवा पेन्शनचं काहीतरी काढेल. आम्हा सगळ्यांची गाडी तिथंच अडते. आज मी ती पुढं ढकलायची म्हणतेय.

सत्तरनंतरच्या त्या वर्षांत मी मंगळवेढ्याच्या बाजूला एका खेड्यात शिक्षिका होते. दुष्काळ नुकताच सरला होता. काळ्या रानात ज्वारी पुन्हा डोक्याएवढी व्हायला लागली होती आणि हुरड्याच्या दिवसांत वर्ग निम्मे रिकामे पडायचे. आमच्या भागाचे शिक्षण विस्तार अधिकारी म्हणजे गुंडेटीसाहेब. पंचवीस-तीस शाळा त्यांच्याकडे. विस्तार अधिकारी येणार म्हटलं की एरवी शाळेत धावपळ व्हायची ती स्वयंपाकाची. कोंबडी कुणाकडून आणायची, भाकरी कोण करणार, हे आधी ठरायचं आणि हजेरीपटाचं नंतर. गुंडेटीसाहेब आले आणि हा प्रकार बंद झाला. ते सोलापूरहून एसटीनं येत, फाट्यावर उतरून चालत येत, आणि खांद्याच्या पिशवीत स्वतःचा डबा असे. डब्यात भात, आंबट वरण आणि इतकी तिखट चटणी, की एकदा चाखलेला मास्तर पुन्हा मागत नसे.

त्यांचं घर सोलापुरात, भवानी पेठेत. घरात माग. तिघे भाऊ मागावर आणि हे एकटे शिकलेले. घरची भाषा तेलुगू. मराठी बोलत ती पुस्तकातल्यासारखी, प्रत्येक शब्द पुसून ठेवल्यासारखा. रागावले की मात्र तोंडातल्या तोंडात तेलुगूत पुटपुटत, आणि आम्ही काय म्हणाले असतील याच्या पैजा लावत असू. पिशवीत डब्याशेजारी सुताच्या रिकाम्या कांड्या असत. मुलांना मोजायला. माझ्या वर्गातली पोरं बेरजेला अडायची तेव्हा त्यांनी अख्खी पिशवी माझ्या टेबलावर ओतली आणि म्हणाले, "ठेवा बाई. आमच्या घरी या फार आहेत." खडूची पेटीसुद्धा सही घेऊन देणाऱ्या खात्यातला हा माणूस.

शाळेत आले की आधी फळा बघत. फळा पांढुरका पडला असेल तर शर्टाच्या बाह्या वर करून स्वतःच कोळशाची पूड आणि पाल्याचा रस घेऊन घासायला लागत. हेडगुरुजी "साहेब, राहू द्या, साहेब, पोरं करतील," म्हणत मागं मागं फिरत. साहेब म्हणत, "मुलं शिकायला आली आहेत."

पण त्यांची खरी ख्याती होती नमुना पाठाची. महिन्यातून एकदा भागातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमत. त्याला गटसंमेलन म्हणत. आधी चहा, मग नमुना पाठ, मग चर्चा, मग पिठलं-भाकरी. नमुना पाठ म्हणजे यजमान शाळेचा वर्ग पुढं बसवायचा, एकानं तो शिकवायचा आणि बाकीच्यांनी मागं बसून शिकवणं कसं असतं ते बघायचं. इतर ठिकाणी तो पाठ कुणातरी गरीब नव्या मास्तराच्या गळ्यात मारत. गुंडेटीसाहेब स्वतः घेत.

त्यांची एकच रीत होती. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. हात मागं बांधून, मान किंचित तिरकी करून नुसतं थांबायचं. आम्हा मास्तरांना ते थांबणं सोसत नसे. प्रश्न विचारला की उत्तरही आपणच सांगून पुढं जाणारी जात आमची. कुणी मागून पोरांना खुणावलं तर साहेब न वळता म्हणत, "मूल विचार करतंय. त्याच्या मध्ये येऊ नका."

का थांबता, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, "मी शाळेत गेलो तेव्हा मला मराठीचा एक शब्द येत नव्हता. वर्षभर मी प्रत्येक प्रश्नाला 'होय गुरुजी' म्हणालो. गुरुजी खूश होते. मला काही येत नाही हे कळायला कुणीतरी एकदा थांबायला हवं होतं."

त्यांचा सगळ्यांत गाजलेला पाठ तिसरीचा, सावलीचा. शाळेच्या अंगणात काठी रोवायची, सावलीवर चुन्याची रेघ मारायची आणि मुलांना विचारायचं, सकाळची लांब सावली दुपारी कुठं जाते? मग थांबायचं. हा पाठ पहिल्यांदा झाला तेव्हा एका पोरानं सांगितलं, "ऊन लागतंय म्हनून ती पायाखाली लपती." साहेब हरखून गेले. हे उत्तर चूक होतं आणि त्यांना ते सोन्याहून मोलाचं वाटलं. त्या चुकीचा हात धरून त्यांनी वर्गाला बरोबर उत्तरापर्यंत नेलं. मी तेव्हा तिथं होते. तो पाठ खरा होता, आणि तसा मी पुन्हा पाहिला नाही.

कारण पुढच्या गावी हाच पाठ ठरला तेव्हा तिथल्या मास्तरांनी तो आठवडाभर आधी करून घेतला.

कुणी सांगितलं, कसं सुरू झालं, नक्की कुणालाच ठाऊक नाही. साहेबांचा पाठ आपल्या गावात पडला तर नाक कुणाचं कापलं जाणार, हा साधा हिशोब. सराव झाला म्हणजे कसा झाला ते सांगते. प्रश्नाचं उत्तर पाठ करून घेतलं, इतकंच नाही. साहेब थांबतात, तर पोरांनीही थांबायचं. लगेच हात वर केला तर साहेबांना आवडत नाही, म्हणून आधी वर बघायचं, हनुवटीला बोट लावायचं आणि मग हळूच हात वर करायचा. आणि एक पोर चुकीच्या उत्तराला नेमलेलं असायचं. त्यानं पहिल्यांदा उठून सांगायचं, ती पायाखाली लपती. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं करत बरोबर उत्तरावर यायचं. माझ्याही शाळेत हे झालं. हसू यायचं आम्हाला तेव्हा. विचार करायचं सोंग आम्ही तिसरीतल्या लेकरांकडून बसवून घेत होतो आणि आम्हाला हसू येत होतं.

साहेब दर संमेलनात सांगत, "बघा, दहा गावं फिरलो, मूल सगळीकडं तीच चूक करतं. मुलाचं मन सगळीकडं सारखं असतं." आम्ही माना डोलवत असू. दुसऱ्या साहेबांना कोंबडी द्यावी लागायची. यांना फक्त रंगलेला पाठ हवा होता, आणि तो द्यायला आम्ही कधी कमी पडलो नाही.

कमी पडल्या त्या एकट्या मुलाणीबाई. रजिया मुलाणी, नुकत्याच नोकरीला लागलेल्या, एकशिक्षकी शाळेवर. त्यांना आमची रीत कुणी सांगितली नव्हती. त्यांच्या गावी संमेलन ठरल्यावर एका मास्तरांनी मोघम सुचवलं, "बाई, सावलीचा पाठ जरा घेऊन ठेवा." तर त्या सरळपणे म्हणाल्या, "मी घेतल्यावर मग साहेब काय शिकवनार?"

त्या दिवशी साहेबांनी काठी रोवली, रेघ मारली, प्रश्न विचारला आणि थांबले. पोरं काठीकडं बघत बसली. साहेब थांबले. एक पोर नाक पुसत बसलं. साहेब अजून थांबले. शेवटी पुढच्या ओळीतला एक मुलगा म्हणाला, "ठाव न्हाय." दुसऱ्याला विचारलं, "ठाव न्हाय." तिसरीतली पोरगी म्हणाली, "आमी बघितलंच न्हाय." दहा गावांत रंगलेला पाठ अकराव्या गावात तोंडावर आपटला.

चर्चेला साहेब उठले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. म्हणाले, "दहा गावची मुलं विचार करतात आणि याच गावची करत नाहीत, असं कसं होईल? दोष मुलांचा नाही. बाई, तुम्ही मुलांना शिकवता की राखता?"

सगळे हसले. मास्तर लोक हसायला टपलेलेच असतात. मुलाणीबाई पदर घट्ट धरून खाली बघत उभ्या होत्या. आम्हाला सगळ्यांना खरं काय ते माहीत होतं आणि एकही जण बोलला नाही. पिठलं-भाकरी जेवून आम्ही आपापल्या गावी गेलो. साहेबांचा तो शब्द आमच्याही आधी गावात पोचला होता. बाई पोरं राखती नुसती, असं पारावर म्हणू लागले. वर्ष सरायच्या आत बाईंनी अर्ज करून बदली मागून घेतली, अक्कलकोटच्या पलीकडं, जिथं पोरं घरी कानडी बोलतात आणि जायला कुणी तयार नसतं.

दोनेक वर्षं गेली. आमच्या भागातल्या एका शाळेत पुन्हा संमेलन, पुन्हा सावली. साहेबांनी प्रश्न विचारला. पोरांनी वर बघितलं, हनुवट्यांना बोटं लावली. मग एक पोरगा घाईघाईनं उठला आणि म्हणाला, "ती पायाखाली लपती." साहेबांचा चेहरा उजळला. तेवढ्यात मागच्या ओळीतली एक चिमुरडी उभी राहिली आणि तिनं भोकाड पसरलं. साहेब तिच्याजवळ गेले, बसले, डोळे पुसले, काय झालं विचारलं. हुंदके देत ती म्हणाली, "चुकीचं माजं हुतं. लपती म्हनायचं माजं हुतं, त्यानं घेतलं."

साहेबांना पहिल्यांदा कळलं नाही. त्यांनी तिलाच पुन्हा विचारलं आणि तिनं सगळं सांगितलं. कोण चुकीचं, कोण अर्धं बरोबर, कोण पूर्ण बरोबर, वर किती वेळ बघायचं. लेकरू ते, त्याला काय, विचारलं की सांगितलं.

साहेब उठले. आमच्याकडं वळले आणि विचारलं, "कधीपासून?"

आणि थांबले. हात मागं बांधून. या प्रश्नाचा सराव आमचा कुणी करून घेतला नव्हता. अंगणातल्या त्या उन्हात आम्ही घामेजून बसलो. शेवटी काळे हेडगुरुजी, आमच्यातले सगळ्यांत वडील, म्हणाले, "दुसऱ्या गावापास्नं म्हना की साहेब."

"का?"

"तुमाला बरं वाटायचं म्हनून. लई बरं वाटायचं तुमाला."

त्यात टोमणा नव्हता. हेडगुरुजी मनापासून बोलले होते. साहेबांनी चुन्याचा डबा उचलला, त्याचं झाकण लावलं, ते नीट बसलंय का पाहिलं आणि चर्चा न घेताच फाट्याकडं चालू लागले.

आठ-दहा दिवसांनी ते माझ्या शाळेत आले. फळ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "बाई, त्या पहिल्या पाठानंतर एकच वर्ग माझ्याशी खरं बोलला होता. मला मुलाणीबाईंकडं जायचं आहे. एकट्या बाईमाणसाच्या घरी मी एकट्यानं जाणं बरं दिसणार नाही. तुम्ही याल?"

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. सोलापूर, तिथून अक्कलकोट, पुढं दुसरी गाडी आणि मग चालत. मुलाणीबाई आईबरोबर एका खोलीत राहत होत्या. आम्हाला बघून गडबडल्या, चटई टाकली, चहा ठेवला. साहेबांनी कप हातात धरला, पण प्यायले नाहीत.

"बाई, मला सगळं समजलं आहे," ते म्हणाले. "मी तुमची माफी मागायला आलो आहे."

बाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाल्या, "माझं सोडा साहेब. मला राखनारी म्हनालात. मग पोरं काय झाली? ढोरं?"

साहेबांनी मान वर केली. त्यांना हे सुचलंच नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. मलाही सुचलं नव्हतं.

"ठाव न्हाय म्हनाली पोरं. ठाव नव्हतंच त्यांना. मी काय सांगायला पायजे हुतं त्यांना, खोटं बोला?" बाईंचा आवाज चढला नव्हता. "आनि माफी हितं मागून काय व्हायचं? बोललात तितं, सगळ्यांदेखत."

"तिथंच मागीन," साहेब म्हणाले. "सगळ्यांसमोर."

"मागा. मी येऊन ऐकीन."

बोलणं सोपं असतं. पुढच्या संमेलनात साहेब उठले, शुद्धलेखनावर बोलले आणि बसले. त्याच्या पुढच्या वेळी नकाशावर बोलले. मला बघून नजर चुकवत. नमुना पाठ त्यांनी बंदच केले होते. घेणार तरी काय, कुठल्या तोंडानं? रोज दुसऱ्याला थांबायला शिकवणारा हा माणूस आपल्याच एका वाक्यापाशी अडला होता, आणि त्यांना तसं बघताना मला त्यांच्यापेक्षा जास्त कानकोंडं व्हायचं. शेवटी त्यांच्या निवृत्तीचा महिना आला. त्यांनी मला निरोप दिला, "मुलाणीबाईंना कळवा. शेवटच्या संमेलनाला या म्हणावं."

तिथंच साहेबांचं चुकलं. पण हे मला तरी आधी कुठं कळलं?

शेवटचं संमेलन म्हणजे निरोप समारंभ. मुलाणीबाई किरकोळ रजा टाकून पहाटेच्या गाडीनं निघाल्या होत्या. आल्या त्या सगळ्यांत मागं, बायकांच्या बाजूला बस्करावर बसल्या. मी शेजारी. साहेबांना फेटा बांधला, शाल घातली, श्रीफळ दिलं, गळ्यात झेंडूचा हार. मग भाषणं. प्रत्येक मास्तर उठला आणि सावलीच्या पाठाबद्दल बोलला. हो, सावलीच्या पाठाबद्दलच. कसा रंगायचा, मुलं कशी विचार करायची. त्या पोरीचं भोकाड ऐकलेली माणसंच ती. निरोपाच्या दिवशी असं बोलायचं असतं, म्हणून बोलत होती.

साहेब उत्तराला उठले. फेट्याखाली त्यांचं कपाळ घामानं भिजलं होतं. म्हणाले, "मी इथं एका शिक्षिकेचा अपमान केला होता. मुलाणीबाईंचा. त्यांच्या मुलांना ढोरं समजलो. ती मुलं खरं बोलत होती. बाकी सगळीकडं मुलं मला आवडेल ते बोलत होती आणि मला ते आवडत होतं. मी चुकलो. मी बाईंची आणि त्या मुलांची माफी मागतो."

त्यांनी हात जोडले. मला वाटलं, झालं, पोचलं. मुलाणीबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला होता.

आणि टाळ्या सुरू झाल्या. निरोपाला प्रत्येक साहेब हात जोडतोच. काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला म्हणतोच. ते ऐकून टाळ्या वाजवायची आमच्या हातांना सवयच होती. काळे हेडगुरुजी डोळे पुसत उठले आणि म्हणाले, "बघा, मन केवढं मोठं. येवढा अधिकारी मानूस, पर एका बाईसाठी हात जोडले. साहेब, तुमचं कायबी चुकलं न्हाय. आमी सांगतो की, कायबी चुकलं न्हाय."

टाळ्या वाढल्या. एकाही मानेनं मागं वळून मुलाणीबाईंकडं पाहिलं नाही.

साहेब उभे होते तिथंच उभे राहिले. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण हेडगुरुजी आता त्यांच्या मोठेपणाचा दुसरा दाखला देत होते. मग साहेब खुर्चीमागून निघाले, भिंतीच्या कडेनं, मास्तरांचे पाय चुकवत आमच्यापर्यंत आले. अधिकारी आले म्हणून मुलाणीबाई उठून उभ्या राहिल्या.

"बाई," साहेब म्हणाले, "यांना कळलंच नाही."

"न्हाय साहेब."

"मी आधीच बोलायला हवं होतं. आज नको होतं."

"व्हय."

पुढं काय करायचं असतं ते दोघांनाही माहीत नव्हतं. बाईंनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, त्या फेट्याकडं आणि हाराकडं, आणि मग बस्करावर बसून जराशा सरकल्या.

"बसा साहेब," त्या म्हणाल्या.

साहेब खाली बसले, मांडी घालून, हार मांडीवर गोळा करून. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथं. पुढं त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत हेडगुरुजी त्यांचे गुण सांगत होते, मास्तर टाळ्या वाजवत होते, आणि मागं बाईंच्या शेजारी बसलेल्या साहेबांनी त्या टाळ्या संपेपर्यंत मान वर केली नाही.